लिहिणारा दुसरा, सही आपली

 

आज आपल्याला धंद्याच्या हिशेबाविषयी बोलायचे आहे. हिशेब म्हटले की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. कोणी म्हणतो, "आमचा धंदा तो केवढा! त्याला कसला हिशेबनीस?" दुसरा म्हणतो, "आम्ही सगळे कागद साहेबांच्या पुढ्यात टाकतो आणि मोकळे होतो. पुढचं ते बघतात." मंडळी, ही दोन्ही बोलणी नुकसानीची आहेत. ती कशी, हे आपण पाहू.

पिठाची गिरणी घ्या. किराणा दुकान घ्या. तेलाचा लाकडी घाणा घ्या. पापड-मसाल्याचा बायकांचा गट घ्या. हे सगळे धंदेच आहेत. धंदा लहान असेना का, त्यात पैसा येतो आणि पैसा जातो. जिथे पैसा येतो-जातो, तिथे हिशेब आलाच.

हिशेबासाठी दुसऱ्याची मदत घेण्यात कमीपणा नाही. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्यांच्या अष्टप्रधानांत एक अमात्य होते. राज्याचा जमाखर्च तपासणे हे त्यांचे काम. एवढा मोठा राजा, पण त्यानेही हिशेबाला जाणता माणूस नेमला. मग आपण का लाजावे?

पण मदत घेणे वेगळे आणि डोळे मिटून घेणे वेगळे. हा फरक आपल्या वाडवडिलांना फार महागात पडला आहे. ती हकिकत आधी ऐका.

सुप्याची हकिकत

पुणे जिल्ह्यात सुपे नावाचे गाव आहे. १२ मे १८७५ रोजी तिथे शेतकरी सावकारांवर उठले. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते बाहेर काढली आणि जाळून टाकली. हा वणवा पुणे आणि नगर या जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत पसरला.

त्याला कारणे अनेक होती. कापसाचे भाव पडले होते. सारा वाढला होता. कर्ज डोक्यावर चढले होते. पण लोकांचा राग कागदावर का निघाला? कारण त्या कागदावर काय लिहिले आहे, हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. लिहिणारा सावकार किंवा त्याचा कारकून. खाली अंगठा मात्र शेतकऱ्याचा. शंभर घेतले की दोनशे, फेडले किती, राहिले किती, सगळे त्या वहीला ठाऊक. आणि वही कोर्टात बोलायची ती सावकाराच्या बाजूने.

पुढे १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पैसे फेडले की लेखी पावती मागण्याचा हक्क त्यात शेतकऱ्याला मिळाला. वर्षाचा हिशेब लेखी मागण्याचाही हक्क मिळाला. पण मंडळी, पावती वाचता आली तरच तिचा उपयोग. ज्याला अक्षर येत नाही, त्याच्या हातात हक्क देऊनही तो अर्धाच राहतो.

आज आपल्याला अक्षर येते. ते हिशेबाला लावू या.

हिशेब करणारे कोण कोण?

हिशेबाचे काम करणारे लोक निरनिराळे असतात. सगळ्यांना आपण सरसकट "सीए" म्हणतो. ते बरोबर नाही.

पहिला हिशेबनीस. जुन्या पेढीवर याला मुनीम किंवा दिवाणजी म्हणत. तो रोजचे व्यवहार वहीत किंवा संगणकावर लिहितो. लहान दुकानाला रोजचा हिशेबनीस परवडत नाही. महिन्यातून एक-दोन दिवस येणारा चालतो.

दुसरा कर सल्लागार. तो आयकराची आणि जीएसटीची विवरणपत्रे भरून देतो. विवरणपत्र म्हणजे आपण सरकारला दिलेला लेखी हिशेब.

तिसरा सनदी लेखापाल. यालाच चार्टर्ड अकाउंटंट, म्हणजे सीए म्हणतात. त्याच्यासाठी १९४९ सालचा स्वतंत्र कायदा आहे. कठीण परीक्षा द्याव्या लागतात, मोठ्या लेखापालाच्या हाताखाली शिकावे लागते, तेव्हा ही सनद मिळते. हिशेब तपासून "हे खरे आहे" अशी साक्ष तो देतो. म्हणून बँक आणि सरकार त्याची सही मानतात.

सही खरी की खोटी, हे ओळखण्याची एक खूण आहे. २०१९ सालापासून सनदी लेखापालाने दिलेल्या दाखल्यावर १८ अक्षर-अंकांचा एक क्रमांक असावा लागतो. त्याला यूडीआयएन म्हणतात. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घालून कोणालाही दाखला पडताळता येतो. दाखल्यावर हा क्रमांक नसेल, तर कारण विचारा.

तुम्हाला यांपैकी कोण हवा? साध्या दुकानाला बहुधा पहिला आणि दुसरा पुरतो. मोठे कर्ज काढायचे असेल, भागीदारी करायची असेल किंवा कायद्याने हिशेब तपासून घ्यावा लागत असेल, तर तिसरा लागतो.

आधी आपली वही

हिशेबनीस कितीही हुशार असो, तुम्ही त्याला जे द्याल त्यावरच तो काम करील. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुष्कळ लोक वर्षभराचे कागद पिशवीत कोंबतात. काही बिले भिजलेली, काही उंदरांनी कुरतडलेली, काही हरवलेली. ती पिशवी ते शेवटच्या आठवड्यात नेऊन आपटतात. मग हिशेबनीस काय करील? अंदाजाने आकडे घालील. आणि त्या अंदाजाखाली सही असेल तुमची!

म्हणून रोज रात्री दुकान बंद करताना एक पान लिहा. पाच मिनिटे लागतात. हा पाहा नमुना.

सकाळची शिल्लक: १,२०० रुपये
रोख विक्री: ३,४०० रुपये
जुनी उधारी वसूल: ६०० रुपये
एकूण जमा: ५,२०० रुपये

मालाला दिले: २,५०० रुपये
टेंपोभाडे: १५० रुपये
घरी नेले: ५०० रुपये
एकूण खर्च: ३,१५० रुपये

रात्रीची शिल्लक: २,०५० रुपये

आता गल्ला मोजा. त्यात २,०५० रुपये निघाले पाहिजेत. कमी-जास्त निघाले तर त्याच रात्री आठवा. आज आठवेल. महिन्याने आठवणार नाही.

याच पानाखाली आणखी दोन ओळी लिहा. मोबाईलवर आलेली विक्री, समजा, १,१०० रुपये. ती गल्ल्यात नाही, बँकेत आहे. आणि आज दिलेली उधारी, समजा, ३०० रुपये. कोणाला दिली, त्याचे नाव लिहा.

झाले! एवढी वही असली की हिशेबनिसाचे अर्धे काम झाले. त्याचा वेळ वाचतो. तुमचे पैसे वाचतात.

"घरी नेले" ही ओळ मात्र विसरू नका. दुकानातून दोन किलो साखर घरी गेली तरी लिहा. शक्य असेल तर दुकानाचे बँकखाते वेगळे ठेवा. घराची चूल आणि दुकानाचा गल्ला एकाच मडक्यात शिजवले, तर कशाचीच चव कळत नाही.

गल्ला म्हणजे नफा नव्हे

आता एक गोष्ट सांगतो. समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल घेतले आहेत.

समजा, एका गावात एक किराणा दुकानदार आहे. त्याला आपण दादा म्हणू. दादांचे घर शेतीवर चालते. दुकानातून ते घरी काही नेत नाहीत. दुकानात सकाळ-संध्याकाळ मदतीला एक गडी येतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला दादांच्या गल्ल्यात १५,००० रुपये होते. महिनाभर दुकानात गर्दी. माल भराभर खपला. महिनाअखेर दादांनी गल्ला मोजला. निघाले ६,००० रुपये.

दादा हादरले. "एवढी विक्री झाली आणि नऊ हजार कमी? म्हणजे गड्यानंच हात मारला!" त्यांनी गड्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगायचे ठरवले. बायको म्हणाली, "अहो, असा आळ घेऊ नका. गरिबाच्या पोटावर पाय येईल. आधी हिशेबनिसाला दाखवा."

दादा वही घेऊन तालुक्याला गेले. हिशेबनिसाने शांतपणे तीन प्रश्न विचारले.

"दादा, महिन्याची विक्री किती?"

"एक लाख वीस हजार."

"त्यातली उधारीवर किती गेली? अजून वसूल न झालेली?"

दादांनी उधारीची वही चाळली. बेरीज केली. "चौदा हजार."

"आणि दुकानात माल किती आहे? पहिल्या तारखेला किती होता, आज किती आहे?"

दादांनी माल मोजून आणला होता. पहिल्या तारखेला ४०,००० रुपयांचा होता. आता ४५,००० रुपयांचा आहे. महिन्यात १,०५,००० रुपयांचा माल रोखीने घेतला.

हिशेबनिसाने कागद ओढला. "हे बघा दादा. आधीचा माल चाळीस हजार, नवा एक लाख पाच हजार. एकूण एक लाख पंचेचाळीस हजार. त्यातला पंचेचाळीस हजारांचा अजून फळीवर आहे. म्हणजे तुम्ही विकलात तो माल एक लाखाचा. तो गेला एक लाख वीस हजारांना. वरचे राहिले वीस हजार. त्यातून भाडं दोन हजार, वीज एक हजार, टेंपो एक हजार आणि गड्याचा पगार सहा हजार. असे दहा हजार वजा करा. तुमचा नफा झाला दहा हजार रुपये!"

दादा म्हणाले, "नफा? अहो, मग पैसे कुठं आहेत?"

"चौदा हजार गावातल्या घराघरांत आहेत. ती तुमची उधारी. पाच हजार फळीवर आहेत. तो तुमचा वाढलेला माल. झाले एकोणीस हजार. त्यातले दहा हजार नफ्याचे आणि नऊ हजार तुमच्या गल्ल्यातले. गल्ला तंतोतंत जुळतो, दादा. एक पैसा चोरीला गेलेला नाही."

दादा गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बरं झालं आधी इथं आलो. नाहीतर भल्या माणसाला चोर ठरवलं असतं."

मंडळी, हिशेब म्हणजे सरकारची कटकट असे आपण समजतो. पण इथे हिशेबाने काय केले? एका गड्याची अब्रू वाचवली. दादांचा खरा चोरही दाखवला. तो चोर म्हणजे उधारी. पुढल्या महिन्यापासून दादांनी उधारीला आठ दिवसांची मुदत घातली.

आयकराच्या कायद्यात लहान धंद्याला एक सोपी वाट आहे. दोन कोटींपर्यंत वार्षिक विक्री असलेल्या बहुतेक लहान व्यापाऱ्यांना विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवता येतो. रोख विक्रीवर ८ टक्के, बँकेतून किंवा मोबाईलवरून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. खरा नफा याहून जास्त असेल, तर जास्त दाखवायचा. या वाटेने गेले की सविस्तर वह्या ठेवण्याची सक्ती नसते. म्हणून काहीजण म्हणतात, "मग वही कशाला?" अहो, सरकारला वही नको असेल, पण दादांना हवी होती ना?

हिशेबनिसापासून काही लपवू नका

"झाकली मूठ सव्वा लाखाची" असे आपण म्हणतो. चारचौघांत ते ठीक आहे. हिशेबनिसापुढे मात्र मूठ उघडावी लागते. दुखणे लपवले तर वैद्य औषध काय देणार?

भावाकडून हातउसने पैसे घेतले, सांगा. बचत गटाचे कर्ज आहे, सांगा. जुने यंत्र विकले, शेतीचे पैसे दुकानाच्या खात्यात आले, तेही सांगा. ही बाब आता फार महत्त्वाची झाली आहे. का, ते ऐका.

२०२५ सालच्या जुलै महिन्यात कर्नाटकात तिथल्या कर खात्याने पुष्कळ लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. कशावरून? तर मोबाईलवरून त्यांच्या खात्यात जमा झालेल्या पैशांवरून. त्यांत भाजी आणि दूध विकणारेही होते. ताज्या भाजीवर आणि सुट्या दुधावर जीएसटी नाही. पण जमेच्या नुसत्या आकड्याला तोंड नसते. तो भाजीचा की बिस्किटांचा, विक्रीचा की हातउसन्याचा, हे तो सांगत नाही. घाबरून कित्येकांनी मोबाईलवर पैसे घेणेच थांबवले.

ते काही औषध नव्हे. तुमच्याकडे रोजची वही असेल आणि हिशेबनिसाला सगळे ठाऊक असेल, तर नोटिशीला उत्तर देता येते. वही नसेल, तर खरे असूनही सिद्ध करता येत नाही.

आणखी एक सांगतो. "साहेब, विक्री जरा फुगवून दाखवा, मोठं कर्ज मिळेल," असे हिशेबनिसाला म्हणू नका. तसेच "कमी दाखवा, कर वाचेल," असेही म्हणू नका. जो हिशेबनीस होकार देईल, त्याच्यापासून दूर राहा. फुगवलेल्या आकड्यावर कर्ज मिळेलही. पण आकडा खोटा लिहिता येतो, हप्ता मात्र खरा भरावा लागतो.

आजचा अंगठा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

जुन्या काळी कागद पुढे करून म्हणत, "लाव अंगठा." आता कागद दिसत नाही. फोन येतो, "दादा, मोबाईलवर आकडे आले असतील, तेवढे सांगा." आपण सांगतो. मंडळी, त्या आकड्यांना ओटीपी म्हणतात. आणि ओटीपी हा आजचा अंगठा आहे! तो दिला म्हणजे तुम्ही सही केली. विवरणपत्र तुमच्या नावाने गेले. त्यात काय लिहिले, याचा जबाब तुम्हाला द्यावा लागेल. "मला माहीत नव्हतं, साहेबांनी भरलं," हे उत्तर चालत नाही.

म्हणून या पाच गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली. जीएसटीच्या आणि आयकराच्या नोंदणीत मोबाईल नंबर आणि ईमेल आपलाच घाला. काहीजण सोयीसाठी सल्लागाराचा नंबर घालतात. मग नोटीस आली तरी मालकाला पत्ता नसतो. तुमच्या घरचे टपाल दुसऱ्याच्या दारात पडावे, तसे हे होते.

दुसरी. ओटीपी सांगण्याआधी विचारा, "हा कशासाठी? काय भरताय? मला आधी दाखवा." विक्रीचा आकडा आणि कराचा आकडा आपल्या वहीशी ताडून पाहा. जुळला की मग सांगा.

तिसरी. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करू नका. माणूस कितीही भला असो. भला माणूस कोरी सही मागणारही नाही.

चौथी. कराचे पैसे रोख हातात देऊ नका. कराचे चलन आपल्या खात्यातून भरा. भरल्याची पावती घ्या. विवरणपत्र भरल्याचीही पोच मिळते. ती छापून फायलीत लावा.

पाचवी. आधार आणि पॅन कार्डाच्या नकला वाटत फिरू नका. दुसऱ्याच्या नावाने खोटी जीएसटी नोंदणी काढून खोटी बिले फाडणाऱ्या टोळ्या देशात वेळोवेळी पकडल्या गेल्या आहेत. ज्याच्या नावाने नोंदणी निघते, त्याच्या दारात मग चौकशी येते. नक्कल द्यावीच लागली, तर तिच्यावर लिहा: अमुक कामासाठी, अमुक तारखेला दिली. खाली सही करा.

हे सगळे विचारले म्हणजे आपण हिशेबनिसावर संशय घेतला असे होत नाही. चांगल्या हिशेबनिसाला असा मालक आवडतो. कारण उद्या भानगड झाली, तर दोघांचीही बाजू कागदावर असते.

जीएसटी कोणाला लागतो?

हा प्रश्न पुष्कळजण विचारतात. म्हणून थोडक्यात सांगतो. जीएसटी हा कर १ जुलै २०१७ पासून सुरू झाला. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची विक्री ४० लाख रुपयांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासूनची आहे. शिवण, दुरुस्ती, भाड्याची गाडी अशा सेवा देणाऱ्याला मर्यादा २० लाखांची. पण काहींना त्याआधीही नोंदणी लागते. उदाहरणार्थ, दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकणाऱ्याला. तुमचा माल बेळगावला किंवा इंदूरला जात असेल, तर आधीच विचारून घ्या.

दीड कोटीपर्यंत विक्री असलेल्या लहान व्यापाऱ्यांसाठी कंपोझिशन नावाची सोपी योजना आहे. त्यात विक्रीवर १ टक्का कर भरायचा असतो. पण तो गिऱ्हाइकाकडून वेगळा मागता येत नाही. खरेदीवर दिलेल्या कराची वजावटही मिळत नाही. ती कोणाला फायद्याची आणि कोणाला तोट्याची, हे वहीवरूनच कळते. असे प्रश्न हिशेबनिसाला विचारावेत. त्याच्या विद्येचा खरा उपयोग तिथे आहे.

एक इशारा देतो. नोंदणी काढली आणि पुढे धंदा बंद पडला, तरी विवरणपत्र भरत राहावे लागते. एक रुपयाची विक्री नसली तरी शून्याचे विवरणपत्र जावे लागते. नाहीतर विलंबशुल्क चढत जाते. म्हणून दुकानाला कुलूप लावण्याआधी नोंदणीही रद्द करून घ्या.

नियम बदलत असतात. मर्यादा आणि तारखा दर वर्षी एप्रिलमध्ये नव्याने विचारून घ्या.

कधी जावे, काय विचारावे?

तहान लागल्यावर विहीर खणू नये. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी हिशेबनिसाच्या दारात रांग असते. तेव्हा तो तुमचा कागद नीट पाहू शकत नाही. महिन्यातून एकदा ठरल्या दिवशी जा. बाजाराचा दिवस सोयीचा. वही न्या, बिले न्या, बँकेचे पासबुक भरून न्या.

काही कामे मात्र करण्याआधी विचारावीत. नवे यंत्र घेण्याआधी, कर्ज काढण्याआधी, भागीदार घेण्याआधी, गडी वाढवण्याआधी. काम झाल्यावर विचारले, तर हिशेबनीस फक्त हळहळ व्यक्त करील.

फी आधी ठरवा. संकोच करू नका. इतक्या रुपयांत काय काय करणार, हे कागदावर लिहून घ्या. वही लिहिणे त्यात आले का? विवरणपत्रे आली का? नोटीस आली तर तिचे उत्तर त्यात आले का? ठरलेली फी वेळेवर द्या आणि तिची पावती घ्या. "मी तुम्हाला सरकारकडून मोठा परतावा मिळवून देतो, त्यात माझा हिस्सा," असे कोणी म्हणाला, तर तिथून उठा. खोटी वजावट दाखवून घेतलेला परतावा व्याज आणि दंडासकट परत करावा लागतो.

वर्ष संपले की त्याच्याकडून तीन कागद मागून घ्या. एक, नफातोटा पत्रक. वर्षात कमावले की गमावले, हे ते सांगते. दोन, ताळेबंद. आपले येणे किती आणि देणे किती, हे तो सांगतो. तीन, भरलेल्या विवरणपत्राची प्रत. समजले नाही तर विचारा, "साहेब, साध्या मराठीत सांगा." समजावून सांगणे हेही त्याचे काम आहे.

हे कागद जपून ठेवा. जीएसटीच्या वह्या आणि बिले वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे ठेवावी लागतात. एक पत्र्याची पेटी त्यासाठी राखा. दर वर्षाचे वेगळे गाठोडे करा. वर साल लिहा.

शेवटचे दोन शब्द

मंडळी, दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे वहीची पूजा होते. नव्या वहीला हळदकुंकू वाहतात. चांगली चाल आहे. पण वहीची खरी पूजा रोज रात्री होते, पेन हातात घेऊन.

१८७५ सालच्या शेतकऱ्याला वही वाचता येत नव्हती. म्हणून त्याने ती जाळली. आपल्याला वाचता येते. आपल्याला काही जाळायचे नाही. आपल्याला वाचायचे आहे, ताडून पाहायचे आहे, आणि मगच सही करायची आहे.

हिशेबनीस जरूर ठेवा. त्याला मान द्या, वेळेवर फी द्या, खरे सांगा. लिहू द्या त्याला. पण सही आपली आहे, हे विसरू नका.

आज रात्री घरी गेल्यावर एक कोरी वही काढा. पहिल्या पानावर आजची तारीख घाला. खाली लिहा: "सकाळची शिल्लक". तिथून सुरुवात करा.

राम राम!